माझा डबा कालिंदा खायची

मी आयुष्यात फारसं खोटं बोलले नाही, असं मी लोकांना सांगत असते. तेही खरं नाही. नववीत असताना जवळजवळ सगळा पावसाळा मी रोज संध्याकाळी, न चुकता, एकेक खोटं बोलले, आणि तेही तांदुळजाच्या भाजीबद्दल. लोक प्रेमापायी खोटं बोलतात, माराच्या भीतीनं बोलतात. मी पालेभाजीपायी बोलले. पुढं तीस वर्षं शिक्षिका म्हणून मुलांना ‘आपला आहार’ हा धडा शिकवला, तेव्हा फळ्याकडं तोंड करूनच शिकवला. मुलांना वाटायचं, बाई चित्र काढायल्यात.

बीडजवळच्या पाली गावाच्या वरच्या अंगाला, डोंगर जिथं चढायला लागतो तिथं आमची वस्ती होती. वडील आणि थोरले काका एकत्रच शेती करायचे, माय त्यांच्याबरोबर रानात राबायची, आणि घरातला चुलीचा सगळा कारभार काकूच्या हातात होता. तिला आम्ही मोठीमाय म्हणायचो. मोठीमाय अंगानं वाळकी, पण भाकरी थापायला बसली की परातीतून असा धपधप आवाज निघायचा की कुणी दोन माणसांत कुस्ती लावलीय असं वाटावं. त्या आवाजानंच मला जाग यायची. नंतर तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र आवाज, मग पाट्यावर मिरची-लसणाची चटणी रगडल्याचा घसरा. एवढं होईस्तोवर मी अंथरुणात पडून राहायची आणि तिसऱ्या आवाजाला उठायची. घरात घड्याळ होतं, पण ते काकांच्या पेटीत कुलपात होतं, बिघडू नये म्हणून.

मोठीमायला महिने सांगता यायचे नाहीत. तिचं सगळं वर्ष भाज्यांवर चालायचं. पाऊस पडून रान हिरवं झालं की तांदुळजा आणि घोळ, मग डोंगरातली कर्टुली, पावसाळा सरताना आंबाडी, थंडीत करडईचा आणि हरभऱ्याचा कोवळा पाला, उन्हाळ्यात शेवगा आणि वाळवून ठेवलेलं काहीबाही. कुणाचं लग्न कधी झालं विचारलं तर ती म्हणायची, “आंबाडी फुलावर आलती तवा.” मी कधी जन्मले हे शाळेत नाव घालताना मास्तरांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “कर्टुल्याच्या दिसांत झाली. डोंगरातून येताना कळा सुरू झाल्या हिच्या मायला.” मास्तरांनी आपल्या मनानं जूनची एक तारीख टाकली. आमच्या वर्गात निम्म्याहून अधिक मुलं त्याच तारखेला जन्मलेली होती, त्यामुळं मला काही वेगळं वाटलं नाही. पण मैत्रिणींसमोर मोठीमायनं हा कर्टुल्यांचा किस्सा सांगितला, तेव्हा मात्र धरणी दुभंगावी असं वाटलं.

रानातून घरी येताना मोठीमायचा ओटा, म्हणजे कमरेला खोचलेल्या पदराची झोळी, कधी रिकामा नसायचा. बांधावर चालता चालता तिचे हात खाली जात, आणि वर येताना मूठभर पाला घेऊन येत. “आज आपल्या रानात जे हाय, ते आज खायचं. उद्याचं उद्या,” एवढंच तिचं शास्त्र. बाजारातून भाजी आणणं म्हणजे तिच्या लेखी घरात कुणी आजारी असल्याचं लक्षण होतं.

आता माझ्या शहाणपणाकडं येते. पालीच्या शाळेत मी खो-खो खेळायची आणि बऱ्यापैकी पळायची. बऱ्यापैकी म्हणजे, दोन वर्षं संघात सगळ्यात जास्त वेळ टिकणारी मीच. खेळाचे सर दुसऱ्या पोरींना ओरडताना माझं नाव घ्यायचे, “ती सुमन बघा कशी वळते!” ते ऐकून माझी मान इतकी ताठ झाली होती की वळायला खरं तर अडचण व्हायला हवी होती. त्या वर्षी जिल्ह्याचे सामने बीडला होणार होते आणि संघाची निवड दिवाळीआधी होती. माझी निवड ठरलेलीच, असं सगळ्यांना वाटत होतं, मला तर त्याहून जास्त.

माझा मामा ट्रकवर होता. मांजरसुंब्याला त्याचा मुक्काम पडला की तो कुणाच्या तरी हाती आमच्याकडं पिशवी धाडायचा. पिशवीत बिस्किटांचे पुडे, दूरच्या मुलखातून खोक्यात बसून बसून भुसभुशीत झालेली सफरचंदं, आणि एकदा दुधात घालायच्या पावडरीचा डबा निघाला. ही सगळी दौलत जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. त्या कागदावर एका पोरीचं चित्र होतं. पायात बूट, हात वर, गळ्यात पदक, आणि शेजारी तसाच पावडरीचा डबा. खेळाडू काय खातात ते त्यात लिहिलं होतं. जाहिरात म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. छापलंय म्हणजे खरं, एवढीच माझी अक्कल. त्या चित्रात कुठंही तांदुळजा नव्हता, भाकरी नव्हती. मी तो कागद घडी घालून भूगोलाच्या वहीत ठेवला आणि ठरवलं की आजपासून आपण खेळाडूसारखं खायचं.

अडचण एकच होती, डबा. मोठीमाय रोज सकाळी दोन भाकरी, त्यावर भाजी, बाजूला कारळाची नाहीतर तिळाची चटणी, असा डबा फडक्यात बांधून द्यायची. तो परत न्यायची सोय नव्हती आणि टाकून द्यायची हिंमत नव्हती. तेव्हा मला कालिंदा दिसली.

कालिंदा माझ्याच वर्गात होती. तिच्या घरी मेंढरं आणि शेरडं. त्यांची पालं त्या दिवसांत डोंगराच्या पलीकडच्या अंगाला असायची, आणि तिथून ती रोज डोंगर उतरून शाळेत यायची. अंगानं किरकोळ, पायात काही नाही. खो-खोच्या संघात ती शेवटच्या राखीव जागेवर होती, म्हणजे पाण्याची घागर भरून ठेवणं हा तिचा खेळ. तिच्या फडक्यात बहुतेक वेळा शिळी भाकरी आणि एक हिरवी मिरची असायची. मी मोठ्या मनाच्या बाईसारखा माझा डबा तिच्यापुढं सरकवला आणि म्हणाले, “घे, खा. मला न्हाई आवडत हे.”

“कावून गं?” तिनं खरंच न कळून विचारलं.

“जनावराचा चारा हाय तो,” मी म्हणाले. जिच्या घरचं पोट जनावरांवर चालतं अशा पोरीला मी हे म्हणाले. आज आठवलं तरी मला त्या भूगोलाच्या वहीनं स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. कालिंदाला मात्र राग आला नाही. तिनं भाजीचा घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, “मग आमची शेरडं शाणी हायेत म्हणायची.”

असा आमचा क्रम सुरू झाला. दुपारच्या सुट्टीत लिंबाखाली ती माझा डबा खायची आणि मी बिस्किटं खायची. दिवसाआड एक सफरचंद, सगळ्यांना दिसेल असं हातात धरून. घरी संध्याकाळी मी जेवायला टाळाटाळ करायची, “शाळेत लई खाल्लं” म्हणून, आणि दुधात पावडर ढवळून पिऊन झोपायची. आणि मग रोजचा तो प्रश्न. मोठीमाय भांडी घासता घासता विचारायची, “सुमे, भाजी कशी झालती?”

“चांगली झालती.”

“चांगली म्हंजे कशी?”

इथं माझी पंचाईत व्हायची. न खाल्लेल्या भाजीबद्दल किती बोलणार? म्हणून खोटं पटावं यासाठी मी त्यात बारकावे घालायला लागले. “जरा तिखट होती,” मी म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी कालिंदानं पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. “आज कुणाचं तोंड आलंय व्हय तुमच्या घरी? तिखटच न्हाई!” मग मी घरी येऊन सांगितलं, “आता लई मिळमिळीत लागली.” मोठीमायनं चटणीची चिमूट वाढवली. पुढं पुढं तर कालिंदा जे म्हणेल ते मी घरी जसंच्या तसं सांगायची. “शेंगदाण्याचं कूट जास्त घाल.” “घोळाच्या भाजीत डाळ बरी लागती.” मोठीमाय हरखून गेली होती. शेजारणींना सांगायची, “आमच्या सुमीला आता खाण्यातलं कळाया लागलंय.” म्हणजे कालिंदाच्या जिभेवर आमच्या घरचा स्वयंपाक चालला होता, आणि त्याचा मान मला मिळत होता.

शरीर मात्र माझं खोटं ऐकायला तयार नव्हतं. श्रावण सरेपर्यंत उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढं काजवे दिसायला लागले. चौथ्या-पाचव्या पळतीला दम लागायचा. वर्गात मला झोप यायची, चिडचिड व्हायची, आणि पोटाच्या तक्रारीबद्दल या वयातही मी लिहिणार नाही. मला वाटलं, पावडर कमी पडतेय. मी दोन चमच्यांचे तीन केले.

परवाच डॉक्टरीणबाईंनी माझ्या रक्ताचा कागद बघून मला समजावलं, “आजी, आपल्या भागात पिकतं ते, त्या त्या मोसमात खात जा. ताज्या पालेभाज्या घ्या, भरड धान्य घ्या.” मी अशी मान हलवली की जणू आयुष्यात पहिल्यांदाच ऐकतेय. सुनेनं लगेच चिकटपट्टी लावलेल्या पिशवीतून घोळाची भाजी आणली. पिशवीवर भाजीचं नाव आणि गुण छापलेले. छापलंय म्हटल्यावर मी पुन्हा एकदा विश्वास ठेवला.

निवडीच्या दिवशी आभाळ मोकळं होतं आणि ऊन चटका देणारं. सरांनी दोन गट पाडले. मी पळणाऱ्यांत होते आणि एक पोरगी कमी पडली म्हणून सरांनी कालिंदालाही आमच्या गटात घातलं. सकाळी मी चार बिस्किटं आणि अर्धं सफरचंद खाऊन आले होते. अंग हलकं राहावं म्हणून. हलकं खरंच राहिलं. पहिल्या दोन वळणांत मी नेहमीसारखी निसटले, सगळ्या पोरी ओरडल्या, मी खांबापाशी ऐटीत वळले, आणि मैदान माझ्याबरोबर वळलं ते थांबेचना. पुढचं मला सरांनी सांगितलेलं आठवतंय. मी कुणाचाही हात न लागता, एकटीच, खांबाला मिठी मारून हळूहळू खाली बसले आणि तिथंच आडवी झाले. खो-खोत बाद व्हायचे जितके प्रकार असतात त्यात हा नव्हता, त्यामुळं मला बाद द्यायचं की नाही यावर दोन्ही गटांत भांडण लागलं.

डोळ्यांवर पाणी मारून मला सावलीत निजवलं. तिथून, आडवी पडून, मी कालिंदाचा खेळ पाहिला. ती पळत नव्हतीच. ती नुसती जिथं हात येईल तिथं नसायची. बसलेल्या पोरींमधून अशी निसटायची की जणू डोंगरातली पायवाट आहे आणि तिला सगळे दगड पाठ आहेत. सर घड्याळ बघायचे विसरले. वेळ संपली तरी ती बाद झाली नव्हती आणि धापाही टाकत नव्हती. नुसत्या भाजीनं हे झालं असं मी म्हणत नाही. रोजचा डोंगर तिच्या पायांत होता. पण तो डोंगर आधीही होता आणि तेव्हा ती पाच मिनिटांत थकायची, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी सरांनी नावं वाचली. कालिंदा पहिल्या नवांत. मी राखीव. घागर भरायला.

घरी मी सांगितलं की ऊन लागलं. मोठीमायनं माझ्या कपाळावर कांदा ठेवला, दृष्ट काढली आणि सरांना शिव्या दिल्या. मी त्या शिव्या खुशाल ऐकून घेतल्या.

दोनच दिवसांनी, सुट्टीच्या दिवशी, कालिंदा आमच्या दारात उभी. पदरासारख्या घेतलेल्या फडक्यात डोंगरातली सीताफळं, डोळे उघडलेली, टरटरीत. मला काही सुचायच्या आत ती सरळ चुलीपाशी गेली आणि मोठीमायच्या पाया पडली.

“कोण गं तू बाई?”

“मी कालिंदा. तुमच्या सुमनच्या वर्गात हाय. संघात घेतलं मला. म्हटलं पहिलं तुमाला सांगावं. चार महिने तुमच्या हातचं खाल्लंय मी.”

मोठीमायला काही कळेना. मी मागून हातवारे करत होते, पण कालिंदा मुळातच सरळ पोरगी. तिला हातवारे कळायचे नाहीत. “लई चव हाय तुमच्या हाताला,” ती म्हणाली. “पर मधी एक दिस तिखट कावून कमी केलतं तुमी? मी सुमनला बोलले बी.”

मोठीमायनं माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं ती ओरडेल, उलथनं उचलेल. त्या दोन्हींची मी तयारी केली होती. तिनं फक्त विचारलं, “म्हंजे कूट जास्त घाल, ते हिनं सांगितलंतं?” मी मान हलवली. “आन डाळ?” मी पुन्हा मान हलवली. मोठीमाय उठली, कालिंदाला पाट दिला, ताट वाढलं आणि ती जेवेपर्यंत तिच्यासमोर बसून राहिली. सीताफळं तिनं टोपलीत नीट रचून ठेवली. माझ्याकडं तिनं पुन्हा पाहिलं नाही. माय मात्र संध्याकाळी भरपूर बोलली. तिचं बोलणं मला बरं वाटलं.

दुसऱ्या सकाळी शाळेला निघताना मी हात पुढं केला, तर मोठीमाय डबा घेऊन स्वतः वाटेपर्यंत आली. डोंगरातून उतरणाऱ्या कालिंदाच्या हातात तिनं तो दिला.

“आन सुमनला?” कालिंदानं विचारलं.

“तिची बिस्किटं हायेत की,” मोठीमाय म्हणाली. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तिला खरंच वाटत होतं की मला तेच हवंय, आणि तेच जास्त लागलं.

असे आठ-दहा दिवस गेले. दुपारी कालिंदा अर्धी भाकरी माझ्यापुढं करायची, आणि मी मानी असल्यामुळं नको म्हणायची, मग भुकेली असल्यामुळं घ्यायची. त्यातली चटणी खाताना एकदा मला रडू आलं. तिळाची चटणी घशात अडकली असं मी सांगितलं. सवय जात नाही.

शेवटी एका सकाळी मोठीमाय रानात निघाली तेव्हा मी तिच्या मागं मागं चालायला लागले. करडई वितभर वर आली होती. मोठीमाय वाकली, मीही वाकले. ती खुडेल तसं मी खुडायची. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “मला वाटलं तुला माझ्या हातचं आवडतं. मी रोज त्याच खुशीत उठायची.” एवढंच. मी खुडलेल्या करडईत तोंड खुपसून उभी राहिले. करडईत तोंड खुपसायचं नसतं, तिला काटे असतात, हेही त्या दिवशी कळलं. मोठीमायनं पदरानं माझं नाक पुसलं आणि म्हणाली, “चल. माझ्या एकटीनं काय काय खुडावं?”

त्यानंतर मी तिच्याबरोबर रोज जायला लागले. भाज्यांची नावं चुकायची, गवत खुडून आणायची. एकदा घोळ समजून भलताच पाला ओट्यात भरला, तर मोठीमायनं तो आमच्या म्हशीपुढं टाकला आणि म्हशीनंही तोंड फिरवलं. पण भूक परत आली. थंडी वाढेपर्यंत उठताना दिसणारे काजवे गेले. बाजरीची भाकरी आणि हरभऱ्याच्या पाल्याची आंबूस भाजी मी चुलीपुढं बसूनच संपवायला लागले. पावडरीचा डबा मायनं धुऊन त्यात मीठ भरलं.

सामन्यांच्या दिवशी मोठीमायही आमच्याबरोबर बीडला आली. कालिंदानं तिला शपथ घातली होती. त्या दिवशीचा डबा मी बनवला होता. मीच खुडलेली करडई, मीच थापलेल्या भाकरी, ज्यांचा आकार बघून वडील म्हणाले होते की हा कुठल्या तालुक्याचा नकाशा हाय. मैदानावर मी घागर सांभाळली. मोठीमायला खेळातलं काही कळत नव्हतं. आमची पोरगी पळायलीय की पकडायलीय हेही नाही. तरी कालिंदा मैदानात उतरली की ती उभी राहून ओरडायची, “निसट गं माझे बाई!” आम्ही दोन सामने जिंकलो आणि शेवटचा थोडक्यात हरलो. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर मोठीमायचं ‘माझे बाई’ ऐकून त्याहून जास्त वाईट वाटलं.

मग सगळे झाडाखाली बसले. मी डबा उघडला आणि पहिल्यांदा कालिंदाला वाढलं. तिनं घास घेतला, थांबली, आणि दातांतून काहीतरी ओढून काढलं. “काटे खाऊ घालायलीस व्हय गं?” सगळ्या पोरी हसल्या. मी निबर पानंही कोवळ्याबरोबर खुडली होती. माझं तोंड उतरलं, मी फडकं परत बांधायला लागले.

मोठीमायनं माझा हात धरला. फडकं सोडलं, भाकरीचा तुकडा मोडला, भाजी घेतली आणि चावायला लागली. दाढेखाली काटा आला की ती थांबायची, हळूच बाजूला काढायची, पुन्हा चावायची. परीक्षेच्या निकालाची मी कधी अशी वाट पाहिली नाही. तिची भाकरी संपली. तिनं बोटं चाटली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “शेंड्याची तेवढी खुडायची असतेत, सुमे. उद्या दावते.” आणि भाकरीसाठी हात पुढं केला, “वाढ अजून.”